बसल्या जागी फुफ्फुस मिटलं : लेकाचा अनुभव आणि काही प्रश्न

अबोली :

गेले नऊ दिवस मी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर आहे. आत माझा एकवीस वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या डाव्या काखेखालून, बरगड्यांमधून एक नळी बाहेर काढलीय आणि ती पलंगाखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलीय. तो खोकला की पाण्यात बुडबुडे येतात. तो बरा होतोय, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

रविवारी सकाळी पोहे खाऊन तो पलंगावर भिंतीला टेकून मोबाइल बघत बसला होता. धावला नव्हता, काही जड उचललं नव्हतं, सर्दी-खोकलाही नव्हता. एकदम कळवळला. डाव्या खांद्याच्या मागे सुरी खुपसल्यासारखं दुखतंय म्हणाला, श्वास आत घेतला की जास्तच. मला वाटलं चमक भरली. बाम चोळला, ओवा आणि काळं मीठ दिलं. दुपारी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे पोट दाबून पाहिलं, गॅस धरलाय म्हणाले, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. घरी येऊन करोनापासून कपाटात पडलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावलं तर ९७ आकडा आला. तो बघून मी निर्धास्त झाले. रात्रीपर्यंत दुखणंही बरंच उतरलं.

सोमवारी तो कॉलेजला गेला. मुलुंडहून स्लो लोकल, माटुंग्याला उतरून पूल. त्या पुलाच्या पायऱ्या चढताना हा दोनदा थांबला. एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढणारा मुलगा! बरोबरच्या मित्राला शंका आली, त्याने हट्टाने टॅक्सीत घातलं आणि थेट कॅज्युअल्टी गाठली. तिथल्या मुलीएवढ्या वयाच्या डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना बोटं ठेवून ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "डाव्या बाजूला एअर एंट्रीच नाही. उभ्याने एक्स-रे काढा, आत्ता." मी पोचले तोवर निदान झालं होतं. न्यूमोथोरॅक्स. फुफ्फुसाच्या बाहेर, छातीच्या पोकळीत हवा साठलेली आणि डावं फुफ्फुस निम्म्याहून जास्त मिटलेलं.

तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो. जिमला जात होता का? प्राणायाम चुकीचा केला का? गाडीच्या दारात लटकतो का? मी स्वतः पहिल्या रात्री त्याला तीनदा विचारलं, "तू नेमकं केलंस काय?" तो आठवत बसला, बिचारा. काहीतरी आठवावं म्हणून आठवत बसला. ते मला अजून सलतंय. कारण डॉक्टर म्हणतात, त्याने काहीच केलेलं नाही, हे असंच होतं, बसल्या जागी, धडधाकट मुलांना.

असं कसं होतं? परत होईल का? दुसऱ्या बाजूलाही? ऑपरेशन लागेल का? दोन महिन्यांनी नोकरीच्या ट्रेनिंगला त्याला विमानाने जायचंय, ते चालेल का? कुणाला माहिती असेल तर लिहा. मी इथेच बाकावर बसून वाचतेय.

चाळकरी :

अबोलीताई, वाचून काळजात धस्स झालं. लेकाला लवकर आराम पडो. तो मित्र मोठा शहाणा निघाला, त्याला सांगा.

छातीवाला डॉक्टर :

ताई, मी याच विषयातला आहे, दादरला असतो. तपासल्याशिवाय तुमच्या मुलाबद्दल सल्ला देणार नाही, पण हा आजार समजावून सांगतो, म्हणजे वॉर्डात राउंडला काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

फुफ्फुसाला बाहेरून एक पातळ आवरण चिकटलेलं असतं आणि बरगड्यांच्या आतून दुसरं. दोन्हींच्या मध्ये ओलावा, बस. दोन ओल्या काचा एकीवर एक ठेवल्या तर सरकतात, पण ओढून सुटत नाहीत, तसंच हे आहे. फुफ्फुसाला मुळात रबरासारखं आकसायचं असतं आणि छातीच्या पिंजऱ्याला बाहेर फाकायचं असतं. या ओढाओढीमुळे मधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो आणि फुफ्फुस फुललेलं राहतं. तिथे हवा शिरली की धरून ठेवणारं काही उरत नाही, फुफ्फुस आपोआप आकसतं.

हवा शिरते कुठून? बहुतेक वेळा फुफ्फुसाच्याच शेंड्याकडून. काही जणांच्या फुफ्फुसावर तिथे बारीक फुगे असतात. लहानाला ब्लेब म्हणतात, मोठ्याला बुला. त्यातला एखादा फुटतो किंवा आजूबाजूचं आवरण झिरपतं. उंच आणि सडपातळ माणसाच्या फुफ्फुसाच्या शेंड्यावर ताण जास्त येतो, म्हणून पंधरा ते पस्तीस वयाची ताडमाड पोरं यात जास्त दिसतात, असं मानलं जातं. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत दर लाख पुरुषांमागे वर्षाला साधारण ७ ते १८ आणि दर लाख बायकांमागे १ ते ६ असे आकडे सापडतात. आणि हो, बहुतेकांना हे आराम करताना किंवा साधी कामं करताना होतं. तेव्हा "काय केलंस" या प्रश्नाला खरंच उत्तर नाही.

ऑक्सिमीटरबद्दल मुद्दाम लिहितो, कारण करोनानंतर घरोघरी त्याच्यावर विश्वास बसलाय. तरुण माणसाचं दुसरं फुफ्फुस ठणठणीत असतं, ते वेळ मारून नेतं. निम्मं फुफ्फुस मिटूनही आकडा ९६-९७ दिसू शकतो. दुखणंही एका दिवसात आपोआप उतरतं, हवा मात्र तिथेच असते. तुमच्याकडे झालं ते अगदी असंच. म्हणून तरुण मुलाला अचानक एका बाजूला छातीत, खांद्यात किंवा पाठीत श्वासागणिक टोचणारं दुखणं सुरू झालं आणि थोडीही धाप लागत असेल, तर उभ्याने छातीचा एक्स-रे काढायचाच. अवघड काही नसतं त्यात. बरगड्यांपासून आत एक केसासारखी पांढरी रेघ दिसते आणि तिच्या बाहेर नुसतं काळं, फुफ्फुसाच्या शिरांची नक्षी नसलेलं. आडवं झोपवून काढला तर हवा पुढे पसरते आणि ती रेघ हुकू शकते.

आता एक इशारा. क्वचित आतली हवा साठतच जाते, बाहेर पडत नाही, आणि हृदयाला व दुसऱ्या फुफ्फुसाला ढकलू लागते. धाप मिनिटागणिक वाढते, नाडी धावते, दरदरून घाम, भोवळ, ओठ निळसर, मानेच्या शिरा टरारतात. यात एक्स-रेची वाट पाहत नाहीत, सुई घालून हवा सोडतात. असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या कॅज्युअल्टीत पोचा. जवळच्या, ओळखीच्या नव्हे.

विज्ञानवेडा :

डॉक्टर, ओल्या काचांचा दाखला फारच छान. पण नळी पाण्यातच का बुडवतात? नुसती उघडी ठेवली तर हवा बाहेर येणार नाही का?

छातीवाला डॉक्टर :

येईल, आणि पुढच्या श्वासाला परत आतही जाईल. पाणी म्हणजे एका बाजूने उघडणारं दार. आतली हवा जोर करून पाण्यातून बुडबुडे होऊन निसटते, बाहेरची आत शिरायला बघते तर नळीत पाणी थोडं वर चढतं आणि रस्ता बंद. हॅम्बुर्गच्या ब्यूलाव नावाच्या डॉक्टरांनी छातीतला पू काढण्यासाठी ही युक्ती वापरली आणि १८९१ साली लिहून प्रसिद्ध केली. आजही वॉर्डावॉर्डात तीच बाटली आहे.

रात्रपाळी :

मी परळला सिस्टर आहे, छातीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. अबोलीताई, बाटलीविषयी नातेवाइकांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते.

बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीजवळ. भेटायला आलेले लोक पाय लागेल म्हणून उचलून पलंगावर ठेवतात, ते कधी करू देऊ नका. त्यातलं पाणी छातीत जाऊ शकतं. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय मामा घाईत असतात, तेव्हा बाटली तुम्ही धरा, हात खाली सोडून. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही, कुणी सांगितलं तरी आधी डॉक्टरांना विचारा. बुडबुडे चालू असताना नळी बंद केली तर हवा आत कोंडते. बाटली फुटली तर नळीचं टोक लगेच स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बाटलीत बुडवा आणि आम्हाला हाक मारा. नळीच छातीतून निसटली तर त्या जागेवर गॉज घट्ट दाबून धरा आणि ओरडा, लाजू नका.

नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होतं ना? रेसिडेंट त्याला "कॉलम हलतोय" म्हणतात. ते चांगलं असतं. बुडबुडे थांबले, एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसलं, की नळी काढायची वेळ आली. आणि त्याला झोपवून ठेवू नका. बाटली हातात घेऊन वॉर्डात फेऱ्या मारायला लावा, तीन छोट्या चेंडूंचं ते श्वासाच्या व्यायामाचं खेळणं सांगितलं तितक्या वेळा करायला लावा. दुखतं म्हणून पोरं उथळ श्वास घेतात आणि खोकला दाबतात. दुखत असेल तर वेदनेची गोळी मागून घ्या, पण खोल श्वास हवाच.

अबोली :

सिस्टर, कसे आभार मानू? कालच त्याच्या मामाने बाटली उचलून स्टुलावर ठेवली होती. आता मी तिच्याशेजारी पहारेकऱ्यासारखी बसलेय.

ताडमाड :

नमस्कार. माझी उंची सहा फूट दोन इंच, तेव्हा वजन ५८ किलो. वय आता ३४. मला हे तीनदा झालंय. दोनदा उजव्या बाजूला, एकदा डाव्या. म्हणून लिहितोय, घाबरवायला नाही.

पहिल्यांदा ऐरोलीला ऑफिसात खुर्चीवर बसलो होतो. छातीत कुणीतरी टाचणी फिरवतंय असं वाटलं आणि मान वळवली की आत काहीतरी खळखळल्यासारखं. कॅंटीनवाल्याने सोडा पाजला. दोन दिवस तसाच हिंडलो. तेव्हा नळी घातली, सात दिवसांत घरी. आठ महिन्यांनी त्याच बाजूला परत झालं. या वेळी मला क्षणात कळलं, त्या दुखण्याची ओळख विसरता येत नाही. मग दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, त्याला व्हॅट्स म्हणतात. काखेखाली तीन छोट्या चिरा. शेंड्यावरचे फुगे स्टेपल लावून कापले आणि छातीचं आतलं आवरण खरवडलं, म्हणजे जखम भरताना फुफ्फुस छातीला चिकटून बसतं आणि परत मिटायला जागा राहत नाही. काही ठिकाणी खरवडण्याऐवजी टाल्कची पूड टाकतात. ते खरवडलेलं पहिले चार दिवस फार दुखतं, खोटं सांगणार नाही. बरगडीखालची कातडी पुढे बरेच महिने बधिर होती. पण त्या बाजूला नंतर एकदाही काही झालेलं नाही. डावीकडचं लहान होतं, ते नुसत्या आरामाने आणि एक्स-रेवर लक्ष ठेवून बरं झालं.

ताई, तुमच्या मुलाला सांगा, मी आज राजमाची करतो, सिंहगड करतो, मुलीला खांद्यावर घेऊन फिरतो.

छातीवाला डॉक्टर :

ताडमाड यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो. एकदा झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला परत होतं आणि त्यातही बहुतेकांना पहिल्या वर्षात. म्हणजे दोघांना कधीच होत नाही, हेही लक्षात ठेवा. पहिल्याच वेळी सहसा ऑपरेशन करत नाहीत. परत झालं, दोन्ही बाजूंना झालं, हवा कित्येक दिवस गळतच राहिली, किंवा माणूस वैमानिक वा पाणबुड्या असेल, तर विचार करतात. ऑपरेशननंतर परत होण्याचं प्रमाण शेकड्यात दोन-पाचांवर येतं.

नळीशिवाय बरं होण्याबद्दल अलीकडे मत बदललंय, तेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३९ रुग्णालयांत ३१६ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. सगळे १४ ते ५० वयाचे, पहिल्यांदाच झालेलं, फुफ्फुस मध्यम ते बरंच मिटलेलं. निम्म्यांना नळी घातली, निम्म्यांना नुसतं लक्षाखाली ठेवलं. लक्षाखाली ठेवलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना नळी लागलीच नाही. ज्यांचा आठ आठवड्यांनंतरचा एक्स-रे मिळाला, त्यांत या गटातल्या ९४ टक्क्यांचं फुफ्फुस पूर्ण फुललेलं होतं आणि नळी घातलेल्यांत ९८ टक्क्यांचं. वर्षभरात परत होण्याचं प्रमाण उलट लक्षाखाली ठेवलेल्यांतच कमी निघालं. २०२३ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी आपल्या सूचना बदलल्या. हवा किती सेंटीमीटर यापेक्षा माणसाला त्रास किती, हे आधी बघायचं. माणूस आरामात बोलतोय, चालतोय, तर थांबता येतं. शरीर ती हवा स्वतःच शोषून घेतं, रोज साधारण दीड-दोन टक्के.

ताईंच्या मुलाला पायऱ्या चढवत नव्हत्या, त्याला नळी घातली हे माझ्या मते योग्यच झालं. आणि आपल्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे क्षयरोग. मुंबईत छातीत हवा घेऊन आलेल्या कुठल्याही तरुणात तो नाही ना, हे तपासल्याशिवाय मी तरी राहत नाही. थुंकी, एक्स-रे, लागलं तर सीटी. दुसरी गोष्ट अंतराची. घरी सोडायचं तर त्रास वाढल्यावर अर्ध्या-पाऊण तासात परत यायची सोय हवी. संध्याकाळी सहाला ठाण्यापलीकडून, पावसात, ही सोय असते का, हे रुग्णाला तोंडावर विचारावं लागतं.

ताई, एक गोष्ट घरी बघा. मुलाने दोन्ही हात आडवे पसरले तर त्यांचं माप उंचीपेक्षा बरंच जास्त भरतं का? बोटं खूप लांब, चष्म्याचा मोठा नंबर, घरात कुणाला हृदयाच्या महाधमनीचा त्रास? मारफन नावाच्या जन्मजात आजारात असं असतं. बहुतेक उंच मुलांना तो नसतो, पण राउंडवर विचारायला हरकत नाही.

अबोली :

डॉक्टर, सगळं वहीत उतरवून घेतलंय. मारफनचं सकाळी विचारलं, त्यांनी हात मोजले, तसं काही वाटत नाही म्हणाले. थुंकीची तपासणीही झाली, क्षय नाही.

आता जे सांगतेय ते लिहावं की नाही, याचा कालपासून विचार करतेय. काल राउंडला मला बाहेर थांबायला सांगितलं. नंतर त्या डॉक्टर मुलीने मला शांतपणे सांगितलं की तो दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढतो. दोन वर्षं झाली. त्यानेच तिला सांगितलं आणि "आईला तुम्हीच सांगा" म्हणाला. मला काहीच माहीत नव्हतं. रोज रात्री त्याचा शर्ट मीच धुवायला टाकते.

मी आत गेले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. मी काहीच बोलले नाही. वर मीच लिहिलंय की त्याने काही केलेलं नाही. मग आता काय बोलू?

ताडमाड :

ताई, मीही ओढायचो. पहिल्या वेळेनंतर सोडली नाही, दुसऱ्या वेळेनंतर सोडली. माझ्या बाबांनी तेव्हा एकच केलं. मी घरी आल्यावर माझ्या टेबलावरचा ॲशट्रे उचलून नेला आणि त्या जागी तांब्या-भांडं ठेवलं. बोलले काही नाहीत. आजही पाणी पिताना मला ते आठवतं.

छातीवाला डॉक्टर :

ताई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी खोटी ठरत नाही. आयुष्यात एकदाही सिगारेटला हात न लावलेल्या मुलांना हे होताना मी पाहतो. आणि सिगारेटने धोका कितीतरी पट वाढतो हेही पक्कं आहे. स्वीडनमधल्या १९८७ च्या अभ्यासात ओढणाऱ्या पुरुषांत हा धोका न ओढणाऱ्यांच्या २२ पट आढळला, बायकांत ९ पट. जितक्या जास्त ओढाव्या तितका जास्त. गांजाचाही फुफ्फुसाला असाच त्रास होतो, तो ओढत असेल तर तेही डॉक्टरांना कळायला हवं.

त्याने स्वतःहून सांगितलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पुष्कळ जण सांगत नाहीत. त्याला एवढंच सांगा की झालं त्याचा हिशोब मागत नाही, पुढचं फुफ्फुस वाचवायचंय, सोडायला मी बरोबर आहे. निकोटिनच्या च्युइंगगमपासून गोळ्यांपर्यंत मदत मिळते, वॉर्डातूनच सुरुवात करता येते. नळी असताना सोडलेली सिगारेट बऱ्याचदा सुटते, कारण तेव्हा प्रत्येक श्वास मोजलेला असतो.

जास्वंद :

धागा मुलांबद्दल चाललाय, पण बायकांसाठी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी ३६ वर्षांची, कधी सिगारेट ओढली नाही, उंची पाच फूट. माझं उजवं फुफ्फुस तीनदा मिटलं. पहिल्या वेळी दमा म्हणाले, दुसऱ्या वेळी टेन्शन. तिसऱ्या वेळी एका डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी आली?" मी कॅलेंडर काढलं आणि तिन्ही तारखा पाळीला लागून होत्या. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी पोटातून छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यावर जाऊन बसतात, पाळीबरोबर त्यांचं चक्र चालतं आणि हवेला वाट मिळते. एंडोमेट्रिऑसिसचाच हा एक प्रकार, बहुतेक उजव्या बाजूला, पाळी सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आसपास. माझं ऑपरेशन झालं, पडद्यावरची भोकं शिवली आणि आता हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. छातीत असं दुखून कुणी बाई दवाखान्यात गेली, तर पाळीची तारीख स्वतःहून सांगा. मला ती तारीख कुणी विचारायला सहा वर्षं लागली.

रात्रपाळी :

जास्वंद, हे लिहिलंस ते फार बरं केलंस गं. उद्या वॉर्डात पोरींना सांगते.

गिरगावचे आजोबा :

मी ८३ वर्षांचा आहे. हा धागा वाचून एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या थोरल्या काकांना क्षय झाला होता आणि १९५० च्या सुमारास ते मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये होते. तिथे छातीत सुई घालून मुद्दाम हवा भरत. त्याला "एपी" म्हणत, म्हणजे आर्टिफिशियल न्यूमोथोरॅक्स. दर आठ-पंधरा दिवसांनी परत भरावी लागे. आजारी फुफ्फुस मिटवून विश्रांती द्यायची, म्हणजे त्यातली पोकळी बुजेल, असा विचार होता. काका सांगत, हवा भरून घेतली की बोलताना दम लागे, पण शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला आणि मी वाचलो. आम्हा मुलांना वाटे, काकांच्या छातीत फुगा आहे. जे फुफ्फुस आज उघडण्यासाठी धडपड चाललीय, ते तेव्हा मिटवण्यासाठी चाले.

छातीवाला डॉक्टर :

आजोबा, हे तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. ही कल्पना इटलीच्या फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये मांडली आणि १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध सापडल्यावर हळूहळू मागे पडली. न्यूमोथोरॅक्स हा शब्द तर त्याच्याही आधीचा, १८०३ चा, फ्रान्समधल्या इतार यांचा. त्या काळी छातीत आपोआप हवा शिरली म्हणजे क्षयच, असं धरून चालत. धडधाकट तरुणांना क्षयाशिवायही हे होतं, हे डेन्मार्कच्या केअरगार्ड यांनी १९३२ मध्ये नीट मांडलं. त्याआधी किती निरोगी मुलांवर क्षयाचा शिक्का बसला असेल!

सागरकिनारा :

मला तीन वर्षांपूर्वी हे झालं होतं, नळीने बरा झालो. डिसेंबरात मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबा ठरलंय. तीन वर्षांत काही त्रास नाही. चालेल ना? आणि अबोलीताईंनी विमानाचं विचारलं होतं, ते राहिलंच.

छातीवाला डॉक्टर :

स्कूबा नाही. तीन वर्षांनीही नाही. पाण्याखाली १० मीटरवर दाब दुप्पट असतो आणि टाकीतून त्याच दाबाची हवा तुम्ही श्वासात घेता. वर येताना ती हवा पसरते. एखाद्या फुग्यात ती अडकली तर पाण्याखालीच फुटेल आणि तिथे ना नळी ना डॉक्टर. उथळ पाण्यातही हा धोका असतो, कारण हवेचं आकारमान सगळ्यात झपाट्याने बदलतं ते पृष्ठभागाजवळच. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन होऊन तज्ज्ञाने तपासून परवानगी दिली तरच अपवाद. तिथे आजारांचा फॉर्म भरून घेतात, त्यावर खरं लिहा. मित्रांबरोबर जा, होडीत बसा, सुरमई खा, पण पाण्याखाली जाऊ नका.

विमानाचं वेगळं आहे. विमानात आतला दाब साधारण ८००० फुटांवरच्या डोंगरावर असतो तितका उतरतो आणि बंद पोकळीतली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. म्हणून छातीत हवा असताना विमानात बसायचं नाही. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडलेलं दिसल्यावर आणखी निदान सात दिवस थांबायचं, मग जायला हरकत नसते. ताईंच्या मुलाकडे दोन महिने आहेत, पण आधी एक्स-रे, मग तिकीट. ट्रेनला प्रश्नच नाही. पुण्याचा घाटही चालतो, लोणावळा जेमतेम सव्वासहाशे मीटरवर आहे.

सागरकिनारा :

बरं झालं विचारलं. मी फॉर्मवर "काही नाही" लिहिणार होतो. स्कूबा रद्द.

अबोली :

काल दुपारी नळी काढली. "श्वास रोखून धर" म्हणाले आणि एका झटक्यात बाहेर. टाका घातला, परत एक्स-रे. ती पांढरी रेघ मी इतक्या वेळा शोधलीय की आता मलाही ओळखता येते. नव्हती. आज घरी आलो. पंधरा दिवसांनी परत दाखवायचंय. तोवर जड बॅग नाही, धावणं नाही, चालणं भरपूर. सिगारेटीचं आमचं टॅक्सीत बोलणं झालं, चेंबूर ते मुलुंड. तो रडला, मीही रडले. बाकी त्यालाच लिहायचंय म्हणतो.

नमस्कार, मी त्यांचा मुलगा. आईच्या आयडीवरून लिहितोय. सगळ्यांना थँक्यू. सिस्टर, मी फेऱ्या मारल्या, शेवटच्या दिवशी एका वेळी ४०. आज अकरावा दिवस आहे सिगारेटशिवाय. दुखत नाही आता. पण एक विचारायचं होतं ताडमाड दादांना. रात्री झोपताना मी सारखा आतला आवाज ऐकत बसतो. जांभई आली तरी वाटतं, झालं परत. कूस डावीकडे बदलायची भीती वाटते. हे किती दिवस चालतं?

ताडमाड :

अरे, माझं वर्षभर चाललं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी थांबून श्वास घेऊन बघायचो, बरोबरच्यांना वाटायचं फोन बघतोय. मग एक दिवस कल्याणला गाडी पकडायला धावलो आणि डब्यात बसल्यावर लक्षात आलं की धावताना छातीची आठवणच झाली नाही. तुझ्या डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर डाव्या कुशीवर झोपून बघ. काही होत नाही. शनिवारी मी मुलुंडला बहिणीकडे येतोय. आईला विचार, चालत असेल तर संध्याकाळी स्टेशनपर्यंत एक फेरी मारू. पूल आहे तिथला, चढून बघू. सावकाश.

अबोली :

चालेल. चहा घेऊनच जा.